पोट बदललं, गोळ्यांचं काय?

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय, रायगड-अलिबाग.

विषय : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मानसिक आजाराच्या औषधांची देखरेख जिल्ह्यातच व्हावी.

महोदय,



मी मुरूडच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान चालवतो. हे पत्र तक्रारीचं नाही. आपल्या रुग्णालयाविषयी तर मुळीच नाही. आपल्या किनारपट्टीवर अलीकडे एक नवा रुग्ण दिसू लागला आहे आणि त्याच्या गोळ्यांची जबाबदारी नेमकी कुणाची, हे कुणीच ठरवलेलं नाही. आपण मनावर घेतलं तर ते ठरू शकतं, म्हणून लिहितो. उघड लिहितो, कारण ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांच्याही वाचनात ते यावं.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन आता नवलाचं राहिलेलं नाही. 2011 साली नितीन गडकरींनी मुंबईत ते करून घेतलं तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना याच ऑपरेशनसाठी विमानाने मुंबईत आणलं, तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच चालायचं. आज मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोपेत श्वास अडकणं अशा कारणांनी अलिबाग, रोहा, मुरूड, श्रीवर्धनची साधी माणसंही पनवेल-मुंबईला जाऊन ते करून येतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल, तर विमा कंपन्याही अटी घालून खर्च देतात.

यातल्या काहींच्या पिशवीत मनाच्या आजाराच्या गोळ्या आधीपासून असतात. अमेरिकेत हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एक जण नैराश्यावरचं औषध घेत असतो. त्यात आश्चर्य नाही. वजन आणि मन एकमेकांना खाली ओढतात, शिवाय ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन ही औषधं स्वतःच वजन वाढवतात. म्हणजे ज्या गोळीने माणूस सावरला, तिनेच त्याला ऑपरेशन टेबलापर्यंत नेलं, असंही होतं. मनाचा आजार आहे म्हणून ऑपरेशन नाकारावं, असं माझं म्हणणं नाही. आजार आटोक्यात असेल आणि औषधं नीट चालू असतील तर अशा माणसालाही त्याचा फायदा होतो. प्रश्न पुढच्या वर्षभराचा आहे.

ऑपरेशननंतर माझ्या काउंटरवर दोन कागद येतात. एक मुंबईच्या हॉस्पिटलचा, गुळगुळीत, सहा-आठ पानांचा. त्यात प्रोटीन पावडर कधी घ्यायची, किती दिवस पातळ खायचं, कुठलं व्हिटॅमिन कधी, सगळं तपशीलवार. दुसरा मानसोपचारतज्ज्ञांचा, घडीवर फाटलेला, वर्षभरापूर्वीचा, ज्यावर आम्ही दर महिन्याला गोळ्या देत असतो. या दोन कागदांची एकमेकांशी ओळख नसते. पहिल्या कागदात मनाच्या औषधांविषयी बहुतेकदा एकच ओळ सापडते : आधीची औषधं चालू ठेवा.

महोदय, माझं सगळं पत्र या एका ओळीविरुद्ध आहे. औषधं आधीचीच आहेत, पण ज्या पोटासाठी ती ठरवली होती ते आता राहिलेलं नाही.

हे ऑपरेशन सहसा दोन प्रकारांनी होतं, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. आतडं जागच्या जागी राहतं, पण अन्न आणि गोळी त्या नळीतून फार भरभर पुढे सरकतात. बायपासमध्ये साधारण 30 मिलीलिटरची पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधला लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, आणि बरीचशी औषधं तिथेच रक्तात शिरत असतात. त्या छोट्या पिशवीत आम्ल जेमतेम तयार होतं. ज्या गोळ्यांना विरघळायला आम्ल लागतं त्या अर्धवट विरघळून पुढे जातात. पित्त उशिरा मिसळतं. पुढे चरबी झपाट्याने घटते, तसा चरबीत साठणाऱ्या औषधांचा हिशेबही बदलतो. एवढी उलथापालथ झाल्यावर जुना डोस जुनंच काम करील, हे गृहीत कसं धरायचं?

शिवाय बदल सगळ्या औषधांचा एकाच दिशेने होत नाही. काही औषधं रक्तात कमी पोचतात, काही जास्त. एक सरसकट नियम सांगता येत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक गोळीकडे कुणीतरी जाणत्याने वेगळं पाहावं लागतं.

काउंटरवरच्या रोजच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे मोठी गोळी गिळू नका, फोडून किंवा कुटून घ्या, असं सांगितलेलं असतं. घरची माणसं ते मनापासून पाळतात. सून विचारते, “दादा, ही पण कुटून दिली तर चालंल ना?” आणि हातात लिथियम एसआरची पट्टी असते. एसआर, एक्सआर, सीआर, ईआर अशी अक्षरं ज्या पट्टीवर असतात ती गोळी म्हणजे सुपारीच्या वाडीतलं ठिबक : दिवसभर थोडं थोडं सोडण्यासाठी बनवलेली. ती खलबत्त्यात कुटली की दिवसभराचा डोस तासाभरात अंगात उतरतो. लिथियमच्या बाबतीत हे विषारी ठरू शकतं, ब्युप्रोपिऑनच्या बाबतीत फिट येऊ शकते. वेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणेही चुरायचे नसतात. बरं, न कुटता अख्खी गिळली तरी प्रश्न सुटत नाही, कारण आखूड झालेल्या वाटेतून ती इतक्या लवकर पुढे जाते की पूर्ण सुटायच्या आतच निघून जाते. योग्य उत्तर असतं : ऑपरेशनच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांकडून साध्या, लगेच विरघळणाऱ्या गोळीवर किंवा सिरपवर बदल करून घेणं. तिथेही तराजू लागतो. लिथियमची साधी गोळी 300 मिलिग्रॅमची मिळते, एसआर 400 ची. एकीच्या जागी दुसरी नुसती उचलून देता येत नाही. ते ठरवणं दुकानदाराचं काम नाही आणि सुनेचं तर नाहीच.

नैराश्याच्या औषधांचं सहसा उलटं होतं, ती कमी पडतात. बायपास झालेल्यांवरच्या एका छोट्या अभ्यासात बारापैकी आठ जणांच्या शरीराला मिळणारं औषध महिन्याभरात सरासरी निम्म्यावर आलं. त्यांतल्या बहुतेकांचं वर्षभरात पुन्हा पहिल्या पातळीवर गेलं. दुसऱ्या एका अभ्यासात सर्ट्रालिनचं प्रमाण बायपास झालेल्यांत इतरांच्या निम्म्याहूनही कमी भरलं. अभ्यास लहान आहेत, पण त्यांतून व्यवहाराचा धडा मिळतो. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत झोप उडाली, चिडचिड वाढली, रडू यायला लागलं, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटू लागलं, तर “ऑपरेशनचा ताण आहे, होईल हळूहळू” म्हणून सोडून द्यायचं नाही. औषध पोचत नसण्याची शक्यता आधी तपासायची. आणि तेव्हा डोस वाढवला असेल, तर आतडं रुळल्यावर, सहा महिने-वर्षाने, तो पुन्हा तपासायचा. नाहीतर जे तेव्हा कमी पडत होतं तेच पुढे जास्त होतं.

जेवणाबरोबर घ्यायच्या औषधांची गंमत आणखी वेगळी. लुरासिडोन नीट शोषलं जायला सोबत किमान 350 कॅलरीचं जेवण लागतं, झिप्रासिडोनला 500. ज्या माणसाच्या पोटात दोन-चार चमचे मूगडाळीचं पाणी मावतंय त्याने 350 कॅलरी आणायच्या कुठून? गोळी वेळेवर घेतली जाते, रिकामी पट्टी पाहून घरचे निर्धास्त असतात, आणि आजार मात्र मागच्या दाराने परत येतो.

क्लोझापिन घेणाऱ्यांचा मुद्दा तर ऑपरेशनच्याही आधी सुरू होतो. सर्जन ऑपरेशनपूर्वी विडी-सिगारेट बंद करायला लावतात, ते योग्यच आहे. पण धुरामुळे यकृत क्लोझापिन झपाट्याने संपवत असतं. धूम्रपान थांबलं की तोच डोस रक्तात चढतो. झोप, लाळ, गुंगी वाढते, कधी फिट येते. विडी सोडायला सांगणाऱ्याला क्लोझापिनची माहिती नसते आणि क्लोझापिन देणाऱ्याला विडी सुटल्याची.

आता लिथियम. या पत्रात एकाच औषधापुरती जागा असती तर मी हेच निवडलं असतं. उपयोगाची आणि घाताची पातळी यांत इतकं थोडं अंतर असलेली औषधं फार नाहीत : रक्तात लिटरला साधारण 0.6 ते 1.0 मिलीमोल असेल तर काम करतं, 1.5 च्या पुढे विषबाधा सुरू होते. ऑपरेशननंतर लिथियम चढल्याच्या, रुग्ण अतिदक्षता विभागात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कारणं सरळ आहेत. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. ऑपरेशननंतर माणूस एका वेळी घोटभरच पाणी पिऊ शकतो, मिठाचं खाणं जवळजवळ बंद असतं, वर उलट्या-जुलाब. त्यात आपला किनारा. एप्रिल-मेमध्ये मुरूडला नुसतं पडवीत बसलं तरी बनियन भिजतं. मासेमारीच्या हंगामात बोटीवर गेलेला माणूस दिवसभर उन्हात असतो. नवरात्राचे नऊ दिवस, आषाढी, अंगारकी, श्रावणी सोमवार यांचे उपवास आहेत. श्रीवर्धन-म्हसळा-मुरूडच्या मोहल्ल्यांत रमजानचे पाण्याविना रोजे आहेत. मुंबईच्या वातानुकूलित ओपीडीत बसून लिहिलेल्या कागदात यातलं काही नसतं. ते इथल्याच कुणीतरी विचारायला हवं.

कॅनडातल्या डॉक्टरांच्या एका गटाने यासाठी वेळापत्रक सुचवलेलं आहे : लिथियमची पातळी पहिले 6 आठवडे दर आठवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग वर्ष होईपर्यंत दर महिन्याला तपासावी. आपल्याकडे हे अशक्य आहे का? रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं, म्हणजे रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. नमुना हिरव्या झाकणाच्या लिथियम हेपरिनच्या नळीत घ्यायचा नाही. त्या नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा खोटा फुगतो. सोबत क्रिएटिनिन आणि सोडियम. एवढं सांगितलं तर तालुक्याच्या ठिकाणचा कुठलाही तंत्रज्ञ करू शकेल. मशीन अलिबागला असो वा नमुना मुंबईला जावो, माणसाने दर आठवड्याला मांडव्याहून बोट धरायची गरज नाही. पावसाळ्यात तर गेटवेच्या बोटी बंदच असतात. 2020 पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट आहे, पण दर्या खवळला की तीही थांबते, आणि श्रीवर्धनच्या माणसाला मांडवा गाठायलाच अर्धा दिवस जातो.

आता उलटीविषयी. महोदय, आपल्या तातडीच्या विभागात, माणगाव-श्रीवर्धनच्या उपजिल्हा रुग्णालयांत आणि खाजगी दवाखान्यांतही हे भिंतीवर लावण्यासारखं आहे. ऑपरेशन झालेला माणूस उलट्या करतोय, तोल जातोय, बोलणं अडखळतंय, गोंधळल्यासारखा वागतोय, आणि त्याला मानसिक आजार आहे असं नातेवाईक सांगतात. पाहणाऱ्याला दोन निष्कर्ष चटकन सुचतात : जास्त खाल्लं असेल, नाहीतर आजार उलटला असेल. इंजेक्शन देऊन शांत केलं जातं. पण हीच लक्षणं लिथियमच्या विषबाधेची आहेत. हाताला मोठी थरथर, जुलाब, जड जीभ सोबत असेल तर आणखीच. आणि हीच लक्षणं थायमिनच्या, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचीही आहेत. आठवडा-दोन आठवडे सतत उलट्या झाल्या तर शरीरातला थायमिनचा तुटपुंजा साठा संपतो, नजर हलू लागते, चाल बिघडते, बुद्धी गोंधळते. वेळेत शिरेतून थायमिन दिलं तर माणूस सावरतो. उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते. थायमिनच्या आधी नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर स्थिती बिघडू शकते. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आहे. महाग पडतं ते न सुचणं. पुढे महिन्या-वर्षांनी बी-12 कमी होतं, शाकाहारी घरांत तर आधीच कमी असतं; त्यानेही उदासी, विस्मरण, मुंग्या येतात आणि पुन्हा सगळं आजाराच्या खात्यावर मांडलं जातं.

दुखण्यावरच्या गोळ्या हा आमच्या दुकानदारांच्या वाट्याचा विषय, म्हणून स्वतःच्या धंद्यालाही बोलतो. गुडघा दुखतो म्हटलं की डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन चिठ्ठीशिवाय दिलं जातं. बायपास झालेल्याला त्याने जोडावर व्रण होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तात त्याने लिथियम चढतं. नैराश्याची सर्ट्रालिनसारखी औषधं चालू असतील तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. एकाच माणसाच्या बाबतीत ही तिन्ही कारणं खरी असू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लिथियम वाढतं. तेव्हा काउंटरवर “ऑपरेशन कुठलं? दुसऱ्या गोळ्या कुठल्या?” हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पट्टी फोडायची नाही, हा नियम आमच्या केमिस्ट संघटनेने पाळला पाहिजे. तो आम्हाला आपल्याकडून लेखी आला तर अधिक पाळला जाईल.

तरुण स्त्रियांची बाब वेगळी सांगायला हवी. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होते, वर्षानुवर्षं न राहणारे दिवस राहतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. आणि ती स्त्री व्हॅल्प्रोएट घेत असेल तर पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका मोठा आहे. हे संभाषण ऑपरेशनच्या आधी व्हायला हवं, पाळी चुकल्यावर नाही. ते कुणी करायचं? सर्जन म्हणतात मनाच्या डॉक्टरांनी, ते म्हणतात स्त्रीरोगतज्ज्ञांनी, आणि घरात सासू समोर बसलेली असताना ती स्वतः काही विचारत नाही.

इथवर गोळ्यांचं रसायन झालं. त्यापेक्षा अवघड आहे गोळी सोडण्याचा मोह. पहिल्या सहा महिन्यांत वजन भराभर उतरतं, जुने कपडे ढगळ होतात, गावात लोक थांबवून कौतुक करतात. मग वाटतं, “आता मी बरा झालो. त्या गोळीनेच जाडी आणली होती, आता कशाला?” ही भाषा मी काउंटरवर ऐकतो. महिन्याची पट्टी दीड महिना पुरायला लागली की समजावं. काही जण तर सुरुवातीपासून लपवतात : मनाची गोळी चालू आहे कळलं तर ऑपरेशन नाकारतील, या भीतीने सर्जनला सांगतच नाहीत. आमच्याकडचा माणूस त्या गोळ्या रोह्याहून आणतो आणि रोह्याचा अलिबागहून, गावातल्या दुकानात कुणी पाहू नये म्हणून. ज्या कागदावर नोंदच नाही त्या औषधाची देखरेख कोण करणार?

दारूचंही सांगितलं पाहिजे. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते. पूर्वी दोन पेगांत काही न होणारा एका पेगात झिंगतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण आधीच्या 7.6 टक्क्यांवरून 9.6 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. आमच्या किनाऱ्यावर हळदीला, होळीला, नारळी पौर्णिमेला, शनिवार-रविवारच्या पर्यटकांसोबत ‘थोडीशी’ नाकारणं कठीण असतं, आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर ती थोडीशीही फार होते.

सगळ्यात गंभीर गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण ती कुजबुजीत ठेवून कुणाचं भलं होत नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात हे ऑपरेशन झालेल्या 8,815 जणांचा ऑपरेशनआधीची 3 वर्षं आणि नंतरची 3 वर्षं असा अभ्यास झाला. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात यावं लागण्याचं प्रमाण नंतर सुमारे दीडपट झालं होतं. त्यांपैकी बहुसंख्य, नव्वद टक्क्यांहून जास्त, आधीपासून मानसिक आजाराची नोंद असलेले होते. एकूण रुग्णांच्या मानाने आकडा लहान होता, ऑपरेशनला घाबरायचं कारण नाही. पण कुणाकडे लक्ष ठेवायचं हे त्याने नेमकं दाखवलं आहे. आणि लक्ष पहिल्या महिन्यापुरतं पुरत नाही. वजन उतरायचं थांबतं, कौतुक आटतं आणि जुने प्रश्न तिथेच उभे असतात, तो काळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात येतो. तोवर मुंबईच्या फेऱ्या बंद झालेल्या असतात. घरात असं काही जाणवलं तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो, फुकट, मराठीतून. वाचणाऱ्यांनी तो आजच मोबाइलमध्ये ठेवावा.

महोदय, आता मागण्या. त्यांना नवी इमारत लागत नाही.

पहिली, एका पानाचा मराठी कागद. ऑपरेशन कुठलं आणि कधी झालं, हे वर ठळक. ‘बायपास झालाय’ एवढंच सांगितलं तर ऐकणारा हृदयाचं समजतो. खाली मनाच्या प्रत्येक औषधाचं नाव, रूप, डोस. कुठली कुटायची नाही. पुढचं रक्त कधी. आणि दोन्ही डॉक्टरांचे फोन. आपण नमुना काढा, जिल्ह्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांना आणि पनवेल-मुंबईच्या सर्जनना पाठवा. ऑपरेशनच्या आधी तो भरला जावा आणि रुग्णासोबत परत यावा. आम्ही दुकानदार त्याशिवाय गोळ्या देणार नाही असं नाही, पण तो मागू मात्र नक्की.

दुसरी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे अशा रुग्णांची एक यादी. संख्या थोडी असेल, आणि म्हणूनच हे होण्यासारखं आहे. पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एक फोन, नंतर महिन्याला एक, दोन वर्षांपर्यंत. झोप कशी, पाणी किती, उलटी होते का, गोळी चुकली का, जगणं नकोसं वाटतं का. हे पाच प्रश्न प्रशिक्षण दिलं तर आशाताईही विचारू शकतील, मात्र रुग्णाची संमती घेऊन आणि गावात वाच्यता न होऊ देता.

तिसरी, औषधांचा साठा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा आहे, 29 मे 2018 पासून लागू आहे. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि सदैव मिळाली पाहिजेत, असं तो सांगतो. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवा, विम्यातसुद्धा, असंही सांगतो. माझी भर एवढीच, की साठा मागवताना फक्त एसआर गोळ्या मागवू नका. साधं लिथियम, व्हॅल्प्रोएटचं सिरप, रिस्पेरिडोनचं द्रावण, आणि थायमिनची इंजेक्शनं तालुक्याला ठेवा. आणि प्रत्येक रुग्णाच्या घरी पंधरा दिवसांचा जादा साठा असावा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रस्ते झाडांनी अडले, वीज कित्येक दिवस नव्हती, फोन मुके झाले. असं वादळ पुन्हा येणार नाही, असं कोण म्हणेल?

चौथी, लिथियमच्या तपासणीची सोय अलिबागबाहेर, निदान माणगाव आणि श्रीवर्धनला. नमुना घ्यायची वेळ आणि नळीचा रंग लिहिलेला एक कागद प्रत्येक प्रयोगशाळेत लावला तर अर्धं काम होईल.

पाचवी, केमिस्टांसाठी आणि तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांसाठी वर्षातून एक बैठक. जागा आपली, चहा आमच्या संघटनेचा.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना शेवटचं. गोळी स्वतःहून कमी करू नका, वाढवू नका, बंद करू नका. ऑपरेशनच्या आधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं नाव सांगा. मनाची गोळी लपवू नका. ती सांगितल्याने ऑपरेशन अडलं तर ते काही आठवड्यांसाठी अडेल, न सांगितल्याने होणारं नुकसान भरून येईलच असं नाही.

महोदय, मुंबईतला सर्जन पोटाची जबाबदारी घेतो, मानसोपचारतज्ज्ञ मनाची. गोळी पोटातून मनापर्यंत जाते त्या वाटेची जबाबदारी आज कुणावर नाही. ती जिल्ह्याने घ्यावी, एवढंच मागणं आहे. त्या एका पानाच्या कागदाचा मसुदा करायला मी आणि माझ्या ओळखीचे आणखी काही दुकानदार कुठल्याही सोमवारी अलिबागला यायला तयार आहोत. आपण तारीख सांगा.

कळावे.

आपला,
मुरूडचा एक औषधविक्रेता